मुंबईत मुक्काम करताना : भाग कसा पारखायचा, ये-जा कशी करायची

कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आपली कुटुंबे मुंबईला येतात ती बहुतेक कामासाठीच. कुणाला टाटा हॉस्पिटलला रिपोर्ट दाखवायचे असतात, कुणाचे हज किंवा उमराहचे विमान असते, कुणाची आखातातल्या नोकरीची मुलाखत असते, तर कुणाच्या मुलीचे ॲडमिशन. निघायच्या आधी घरात एक प्रश्न हमखास निघतो : "राहायचं ठरवलंय तो एरिया सेफ आहे ना?"

उत्तर देणाराही बहुतेक वेळा ऐकीव माहितीवरच देतो. एक म्हणतो, "आपल्या लोकांचा मोहल्ला आहे, काही टेन्शन नाही." दुसरा म्हणतो, "डोंगरी? नको रे बाबा, पिक्चरमध्ये बघितलं नाही का?" या दोन्ही उत्तरांवर मुक्काम ठरवू नये. भागाच्या नावावरून फार थोडे कळते. विचारायचे प्रश्न असे : कोणती गल्ली, कोणती वेळ, सोबत कोण आहे, आणि रात्री परत यायचे कसे?

मोहम्मद अली रोडचेच उदाहरण घ्या. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळच्या गल्ल्या सहरीपर्यंत जाग्या असतात, बायका-मुले रात्री एक वाजताही बिनधास्त फिरतात. तिथे धोका असतो तो गर्दीत पाकीट जाण्याचा, लहान मूल हात सोडून हरवण्याचा. रमजान सरल्यावर एखाद्या साध्या सोमवारी पहाटे साडेतीनला तोच रस्ता शांत असतो, शटर बंद असतात. रस्ता तोच, पण काळजी वेगळी घ्यावी लागते.

राहण्याची जागा : आधी काम, मग भाग

खोली शोधताना "स्वस्त कुठे मिळेल" याआधी "रोज सकाळी जायचे कुठे आहे" हे ठरवावे. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. किती वेळा गाडी बदलावी लागते त्यावर मोजावे. पेशंटला घेऊन रोज दोनदा गाडी बदलायची म्हणजे अर्धा जीव तिथेच जातो.

टाटा, केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटले परळला आहेत. मध्य रेल्वेचे परळ स्टेशन जवळ पडते, पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत, स्लो गाडी धरावी लागते. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांसाठी प्रभादेवी स्टेशन आहे. जुने लोक त्याला अजून एल्फिन्स्टन म्हणतात. दोन्ही स्टेशने पादचारी पुलाने जोडलेली आहेत. मात्र एल्फिन्स्टनचा रस्त्यावरचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, त्यामुळे प्रभादेवीच्या बाजूने टॅक्सी केली तर वळसा पडतो. पेशंट सोबत असेल तर परळ पूर्वेलाच उतरावे, किंवा दादरहून सरळ टॅक्सी करावी. लोअर परळ हे वेगळे स्टेशन आहे हेही लक्षात ठेवा.

टाटाचेच दुसरे मोठे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. कागदावर "टाटा" दिसले की लोक परळ गाठतात आणि तिथे गेल्यावर कळते की तारीख खारघरची होती. कार्डावरचा पत्ता पूर्ण वाचा. कोकणातून येणाऱ्यांना खारघरला जायचे असेल तर दादरपर्यंत यायची गरज नाही, पनवेललाच उतरून हार्बरची गाडी धरावी. खारघर तिथून तिसरे स्टेशन आहे.

जे. जे. हॉस्पिटलसाठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड, नायर हॉस्पिटलसाठी मुंबई सेंट्रल, आणि हज हाऊससाठी सीएसएमटी. हज हाऊस सीएसएमटीवरून पायी जाण्याइतके जवळ आहे.

नातेवाईक मुंब्रा, कौसा, मीरा रोड किंवा गोवंडीला असतील तर त्यांच्याकडे उतरण्यात संकोच नसावा. आपल्या माणसांत आजारी माणसाला धीर येतो. पण पेशंटला सकाळी आठला परळला पोहोचवायचे असेल तर मुंब्र्याहून त्या वेळची गर्दी झेपेल का, याचा विचार आधी करा. तपासणीच्या आदल्या रात्री हॉस्पिटलजवळ आणि बाकी दिवस नातेवाइकांकडे, अशी वाटणी बऱ्याच घरांना सोयीची पडते. काही हॉस्पिटलांचे सोशल वर्क खाते पेशंटच्या राहण्याची सोय सांगते, तिथे आधी विचारावे. कोकणातल्या काही गावांच्या जमातीच्या खोल्या मुंबईत पूर्वीपासून आहेत. तुमच्या गावाची आहे का, ते जमातीतल्या बुजुर्गांना विचारा.

फोनवर काय विचारायचे

लॉज, गेस्ट हाऊस किंवा मुसाफिरखाना, कुठेही फोन केलात तरी हे प्रश्न विचारा :

– जवळचे स्टेशन कोणते, पूर्व की पश्चिम, आणि चालत किती मिनिटे?
– रात्री गेट किती वाजता बंद होते? पहाटे आलो तर कोण उघडेल?
– खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का?
– टॅक्सी दारापर्यंत येते का, की गल्लीच्या तोंडाशी उतरावे लागेल?
– सोबत बाई-माणूस एकटी असेल तर चालते का? ओळखपत्र कोणते लागेल?

यातले शेवटचे दोन प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नंतर अडकतात. फोनवर "रूम आहे" म्हणायचे आणि दारात नाव ऐकल्यावर "फुल्ल झालंय" सांगायचे, असेही घडल्याचे काही कुटुंबे सांगतात. म्हणून राहणाऱ्या सगळ्यांची नावे सांगूनच बुकिंग पक्के करा, मेसेजवर होकार घ्या आणि दुसऱ्या एका जागेचा नंबर खिशात असू द्या. पेशंट घेऊन रात्री दारोदार फिरण्यापेक्षा हे बरे.

इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर पूर्ण पैसे आगाऊ पाठवू नका. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. "आत्ता पाठवा नाहीतर रूम जाईल" अशी घाई करणारा माणूस दिसला की तिथेच थांबा. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, येत नाहीत. "रिफंडसाठी स्कॅन करा" ही शुद्ध फसवणूक असते.

पोहोचल्यावर भाग पारखायचा कसा

जमले तर सामान खोलीत टाकण्याआधी घरातल्या एकाने दहा मिनिटे त्या गल्लीत फिरून यावे. बघायचे ते एवढेच :

एक, स्टेशनपासून खोलीपर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, मध्ये लांबच लांब भिंत, बंद गोदाम किंवा रेल्वेची कंपाउंड वॉल तर नाही ना. उघड्या दुकानांची वाट थोडी लांब पडली तरी तीच धरावी.

दोन, रात्री उशिरापर्यंत काय उघडे असते. मेडिकल, चहाची टपरी, दूध केंद्र, हॉटेल यांची वेळ विचारून घ्या. संकटात पहिली मदत बहुतेक या दुकानदारांचीच होते. मशिदीजवळची गल्ली इशाच्या नमाजापर्यंत आणि फजरच्या वेळी जागी असते, पण मधले तास मोकळेच असतात, तेही धरून चाला.

तीन, त्या वेळी रस्त्यावर बायका, शाळकरी मुले, म्हातारी माणसे दिसतात का. स्थानिक बायका जिथून रात्री नऊला सहज चालत जातात, ती वाट बहुतेक ठीक असते. जिथे त्यांच्यापैकी कुणीच दिसत नाही, तिथे कारण असते.

चार, मेडिकलवाल्याला किंवा पानवाल्याला सरळ विचारा : "रात्री अकराला स्टेशनवरून यायचं झालं तर कुठल्या बाजूने येऊ?" "हा एरिया कसा आहे?" असे विचारले की "चांगला आहे" हेच उत्तर मिळते. नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

इमारतही बघा

दक्षिण मुंबईत मुक्काम करणाऱ्यांनी भागाइतकीच इमारत पारखावी. भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, गिरगाव या पट्ट्यात खूप जुन्या इमारती आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून १३ जणांचा जीव गेला. या माणसांना कुणा गुंडाने मारले नव्हते.

म्हाडा दर वर्षी पावसाळ्याआधी दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. पावसाळ्यात यायचे असेल तर इमारतीचे नाव त्या यादीत आहे का, हे मुंबईतल्या नातेवाइकाला बघायला सांगा. तिथे गेल्यावर जिन्याला लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेले असतील, भिंतीला रुंद तडे असतील, स्लॅबची माती पडत असेल, तर भाडे कितीही कमी असो, ती खोली सोडा. आग लागली तर खाली उतरायला जिना मोकळा आहे का, की सिलिंडर, सायकली आणि पेट्यांनी भरलेला आहे, तेही बघा.

लोकल : स्वस्त, वेगवान आणि निष्काळजी माणसाला महाग

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. त्यात सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारात लटकणारे प्रवासी पडून मेले, ते रोजचे जाणारे-येणारे होते. पाहुण्याने तर ही हिंमत करूच नये. जिना चढायला दहा मिनिटे लागली तरी चालेल, पण रूळ ओलांडायचा नाही. गाडी भरलेली असेल तर सोडायची, मागून दुसरी येतेच.

ओळखायच्या गोष्टी :

पश्चिम मार्ग चर्चगेटवरून विरार-डहाणूकडे जातो. मध्य मार्ग सीएसएमटीवरून ठाणे-कल्याण आणि पुढे कसारा-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीवरून पनवेल आणि गोरेगावकडे. पश्चिम आणि मध्य मार्ग दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. दादरला डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे नंबर सलग आहेत : १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य.

इंडिकेटरवर एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. फास्ट गाडी मस्जिद, सँडहर्स्ट रोड, परळ यांसारख्या स्टेशनांवर थांबत नाही. चढण्याआधी आतल्या माणसाला विचारा, "परेल रुकेगी?" मुंबईत हे विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सकाळी साधारण आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब असतात. उलट्या दिशेला त्यामानाने जागा मिळते. रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल नसते. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा विमान किंवा लांबची गाडी पकडायची असेल तर आदल्या दिवशीच वेळापत्रक बघा.

बायकांसाठी वेगळे डबे असतात. काही डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात, ती वेळ डब्यावर लिहिलेली असते. रात्री उशिरा रिकाम्या लेडीज डब्यात एकटे बसण्यापेक्षा पोलीस किंवा होमगार्ड असलेला डबा बघावा. मुलगा मोठा असेल तर आईबरोबर लेडीजमध्ये चढवू नका, दंड होतो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि केमो घेतलेला माणूस उगाच गर्दीत उभा राहतो. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.

पुलावरच्या गर्दीचेही भान असू द्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टनच्या जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस आला की सगळे जिन्यावरच थांबतात आणि मागून लोंढा येत राहतो. अशा वेळी जिन्यात शिरू नका. फलाटावरच भिंतीकडे थांबा, मुलांना कडेवर घ्या, गर्दी ओसरू द्या.

टॅक्सी, रिक्षा, बस, मेट्रो

रिक्षा मुंबई शहरात चालत नाही. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच ती येते, पुढे काळी-पिवळी टॅक्सी. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहेत. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडे होते. मीटर टाकायला लावा. "दोनशे दे दो चाचा, छोड देता हूँ" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. स्टेशनच्या दारात अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यापेक्षा प्रीपेड काउंटर असेल तर तिथून, नाहीतर रांगेतली टॅक्सी घ्या. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. ॲपची गाडी असेल तर नंबर जुळवूनच बसा.

बेस्टची बस सगळ्यात स्वस्त, मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. पेशंटला चढायला उतरायला एसीची नीची बस सोपी पडते.

मेट्रो तीनचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून चालू आहे. सीएसएमटीवरून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना गाडी न बदलता जाता येते, त्यामुळे हज हाऊसकडून एअरपोर्टला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण मेट्रो मध्यरात्री चालत नाही आणि सामान तपासून आत सोडतात. पहाटेचे विमान असेल, सामान जास्त असेल, तर टॅक्सीच ठरवा. तिकिटावर टर्मिनल एक आहे की दोन, ते आधी वाचा.

लांबच्या गाड्यांचेही असेच. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ला स्टेशनला लागून नाही, हार्बरचे टिळकनगर त्याहून जवळ. वांद्रे टर्मिनसही वांद्रे लोकल स्टेशनपासून दूर आहे. रात्री सामान घेऊन त्या वाटा चालत जाऊ नयेत. खासगी बसवाले पहाटे चारला सायन-चेंबूरच्या पुलाखाली उतरवतात. ड्रायव्हरला आधीच सांगून वर्दळीच्या थांब्यावर उतरा आणि उजाडेपर्यंत चहाच्या दुकानाजवळ थांबा.

पावसाळा

हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी भरणारी ठिकाणे. जोराचा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकत्र आली की पाणी लवकर ओसरत नाही. हिंदमाता तर परळच्या हॉस्पिटलांच्या वाटेवरच आहे. तळ दिसत नाही अशा पाण्यातून चालू नका, कारण खाली मॅनहोल उघडे असू शकते. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात एका नामांकित डॉक्टरांचा प्रभादेवीजवळ असाच अंत झाला. हॉस्पिटलमध्ये असाल तर तिथेच थांबा, तारीख पुढची मिळते. हाजी अलीला जायचे असेल तर भरतीची वेळ बघून जा, दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते.

कागद, पैसे आणि घरची माणसे

सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. पासपोर्ट, पेशंटची फाइल आणि रोख एकाच पिशवीत नको. फाइलमधल्या महत्त्वाच्या कागदांचे फोटो दोन मोबाइलमध्ये असावेत. लॉजला आधारची झेरॉक्स देण्याऐवजी चालत असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या.

अम्मी-अब्बूंना किंवा दादीला मोबाइल नीट चालवता येत नसेल तर राहण्याचा पत्ता, जवळचे स्टेशन आणि दोन फोन नंबर मराठी व हिंदीत लिहून त्यांच्या खिशात ठेवा. मुलांच्याही. स्टेशनात शिरण्याआधी ठरवा : चुकामूक झाली तर जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे, मागे राहिलेल्याने जागा सोडायची नाही. दोघेही शोधत निघाले की चार तास जातात.

काही घडलेच तर

– कुठलीही आणीबाणी : ११२
– ॲम्ब्युलन्स : १०८
– मुंबई पोलीस, महिलांसाठी : १०३, ज्येष्ठांसाठी : १०९०
– लहान मुलांसाठी : १०९८
– रेल्वेत मदत : १३९, रेल्वे पोलीस : १५१२
– ऑनलाइन पैसे गेले तर : १९३० (जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त)
– पाणी भरणे, झाड किंवा घर पडणे : महापालिका १९१६

चोरी किंवा छेडछाड झाली आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे सांगितले गेले, तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. पासपोर्ट हरवला असेल तर ही नोंद लागतेच.

हे सगळे वाचून मुंबईची धास्ती घेऊ नये. या शहरात रोज लाखो माणसे बाहेरून येतात आणि काम उरकून सुखरूप घरी जातात. विचारले की वाट सांगणारे, पेशंट दिसला की सीट सोडणारे इथे पुष्कळ भेटतात. मुक्कामाच्या पहिल्या रात्री फक्त दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या : उद्या कुठल्या वाटेने जायचे, आणि उशीर झाला तर परत कसे यायचे. तेवढे ठरले की बाकीचा जीव पेशंटकडे, मुलाखतीकडे, सफरकडे लावता येतो.